छातीत चढलेलं पोट आणि आबांचा रोट

नंदुरबारात मी सत्तावीस वर्षं लोकांना नळी गिळायला लावली. त्यांनी मला शिव्या दिल्या असतील, पण त्या मी ऐकलेल्या नाहीत, कारण तोंडात नळी असताना माणसाला शिवी देता येत नाही. नर्सच्या नोकरीत एवढं सुख फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

माझं खातं दुर्बिणीचं. तोंडातून पोटापर्यंत कॅमेऱ्याची नळी घालायची आणि आत काय चाललंय ते पडद्यावर बघायचं. बघायचं काम डॉक्टरांचं. पेशंटला डाव्या कुशीवर वळवणं, घशात सुन्न करणारा फवारा मारणं, दातांमध्ये प्लास्टिकचं कडं बसवणं, लाळ ओढून घेणं आणि त्याच्या कानाशी 'झायं, झायं, आते झायं' म्हणत राहणं हे माझं. खरं तर तेव्हा काहीच झालेलं नसतं. पण 'झायं' म्हटलं की माणूस आणखी अर्धं मिनिट धीर धरतो, आणि डॉक्टरांना तेवढंच लागतं.

माझं आणखी एक काम होतं. ते नेमणूकपत्रात कुठंच लिहिलेलं नव्हतं. आमचे डॉक्टर, त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, पुण्याकडचे. हात सोन्याचा, पण वीस वर्षं इथं राहूनही अहिराणी त्यांच्या अंगाला लागली नाही. ते पुस्तकात छापतात तसं मराठी बोलायचे आणि पेशंट मान डोलवायचा. मान डोलवणं म्हणजे समजणं नव्हे, हे सरांना पहिली पाच वर्षं कळलं नाही. माझे वडील रेल्वेत, खांडबाऱ्याला. माझं बालपण स्टेशनच्या चाळीत गेलं, त्यामुळे अहिराणी, गुजराती आणि डोंगरातल्या लोकांचं थोडंफार बोलणं मला फुकटात मिळालेलं. मग सर बोलायचे आणि मी ते पेशंटच्या भाषेत सांगायची. डॉक्टर आणि पेशंट यांच्यामधली अन्ननलिकाच म्हणा मला. त्या नळीत एकदा काय अडकलं, तेच सांगायला बसले आहे.

आबा रनाळ्याचे. वय सत्तरीच्या आसपास, पांढरी टोपी, बागायती शेती, मिरची आणि कापूस. बरोबर त्यांची बायको, तिला सगळं गाव जिजी म्हणायचं, आणि मुलगा संजय, हा शाळेत मास्तर. आबा खुर्चीवर बसले आणि त्यांनी तक्रार सांगितली ती कौतुकाच्याच सुरात.

"सिस्टर, मन्हा पोटमा लई आग शे. वाकस तर घशापावत आंबट येस. सोडा खाई खाई डबा रिकामा झाया."

"किती वर्षांपासून?" सरांनी विचारलं.

"बारा-पंधरा वरीस व्हयी गयात. आमना घरमा लहानथोर बठ्ठासनी जठराग्नी मोठी शे. मन्हा बाप दगड पचाडे."

सरांनी दुर्बीण घातली. पडद्यावर जे दिसलं ते आम्हाला रोजचंच होतं, पण एवढं वाढलेलं क्वचित दिसे. अन्ननलिकेचा खालचा भाग लालभडक, त्यावर पांढऱ्या बुरशीसारखे चट्टे, नळी लागली की रक्त येणारे. त्याच्या खाली नळी आवळली गेली होती, बोटातल्या जुन्या अंगठीएवढी. आणि त्याच्याही खाली जठराचा वरचा भाग आपली जागा सोडून छातीत चढून बसलेला.

याला हायटस हर्निया म्हणतात. बाहेरच्या माणसासाठी सोपं करून सांगते. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक स्नायूचा पडदा असतो. त्याला एक भोक असतं, त्यातून अन्ननलिका खाली उतरते आणि जठराला मिळते. ते भोक सैल झालं की जठर वर सरकतं. मग जठराचं तोंड नीट मिटत नाही आणि आतलं आम्ल उलटं वर चढतं. जठराला आम्ल सोसायची सवय असते, त्याचं अस्तरच तसं असतं. अन्ननलिकेला ती नसते. ती भाजते, सुजते, त्यावर जखमा होतात, जखमा भरताना आवळतात, आणि मग एके दिवशी भाकरीचा घास मध्येच उभा राहतो.

गंमत अशी की यात आम्लाचा फारसा दोष नसतो. मी शिकाऊ असताना एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात असे पेशंट माझ्याकडे असायचे. नाकातून बारीक नळी पोटात सोडायची, दर पंधरा मिनिटांनी पोटातलं पाणी ओढून बाटलीत भरायचं, बाटलीवर वेळ लिहायची. किती आम्ल तयार होतं ते प्रयोगशाळेत मोजायचे. मला वाटे, ज्यांची नळी भाजलीय त्यांच्या बाटल्यांत तेजाब भरलेलं असणार. तसं काही नसायचं. बहुतेकांचं आम्ल चारचौघांसारखंच. फरक एवढाच की ते नको तिथं जाऊन जास्त वेळ बसायचं. मिरची वाळवणाच्या पथारीवर असली तर माल असते आणि डोळ्यात गेली तर आग होते, तसं.

हे सगळं सरांनी आबांना समजावलं आणि मी अहिराणीत सांगितलं. म्हटलं, आबा, तुमचं आम्ल काही जास्त नाही, सगळ्यांसारखंच आहे. आबांचा चेहरा पडला. आजाराचं त्यांना वाईट वाटलं नाही, सगळ्यांसारखं असण्याचं वाटलं.

"मंग इतली आग कशी पडस?"

"पोट वर सरकेल शे, आबा. जागा सोडीसन."

"मन्हं पोट?" त्यांनी जिजीकडे असं पाहिलं की जणू तिनंच ते हलवलं. "सत्तर वरीसमा मी गाव नही सोडं, आनि मन्हं पोट जागा सोडी ऱ्हायनं!"

उपचार साधा होता. आम्ल कमी करणारी गोळी सकाळी उपाशीपोटी. रात्रीचं जेवण लवकर. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा ठेवायच्या, म्हणजे आम्ल वर चढणार नाही. सूज उतरली की आवळलेली जागा हळूहळू रुंद करायची. आणि तोवर कडक, कोरडं काही खायचं नाही.

विटांच्या सल्ल्यावरून एक आठवण मध्येच सांगते, नाहीतर राहून जाईल. अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातली एक बाई आली होती. तिलाही हाच आजार. मी तिला हाच सल्ला दिला, तिच्या नवऱ्यानं तो त्यांच्या बोलीत सांगितला, तिनं मान डोलवली. दोन महिन्यांनी बाई हसत आली. जळजळ निम्म्यावर. मी शाबासकी देत विचारलं, विटा किती ठेवल्या? नवरा म्हणाला, "खाट कोठे शे आमनाकडे?" त्या बाईनं घरातल्या जमिनीवर माती टाकून एक उतार केला होता, शेणानं सारवून गुळगुळीत केला होता, आणि त्यावर डोकं वर करून झोपत होती. घरातली सगळीजण आता त्या उतारावर जागा मिळावी म्हणून भांडतात, असं नवऱ्यानं सांगितलं. सर म्हणाले, सिस्टर, आपण सल्ला दिला खाटेचा आणि तिनं ऐकला तो उताराचा. मला तेव्हा ते फार आवडलं होतं. सांगणारा चुकला तरी ऐकणारा शहाणा असला की भागतं, असं माझं मत झालं. ते मत मला पुढं महागात पडलं.

आबा उठता उठता थांबले.

"सिस्टर, कानबाईना रोटनं काय?"

कानबाई आमच्या खानदेशाची देवी. श्रावणात एका रविवारी घरी येते, सोमवारी नदीवर जाते. तिच्यासाठी रोट करतात. गव्हाचे जाड, गोड रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात. पाळण्यातल्या पोराचीही मूठ असते. ते गहू दळून रोट होतात आणि ते फक्त भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत आणि टाकायचे तर मुळीच नाहीत. बाकीच्या रिती घरागणिक बदलतात. माझ्या सासरीही कानबाई बसते, त्यामुळे मला वाटायचं, मला यातलं सगळं कळतं.

"काय विचारतायत?" सर म्हणाले.

"सणाचं विचारतायत, सर. खायचं."

"कोरडं, कडक काही नाही. मऊ आणि पातळ. स्पष्ट सांगा."

मी सांगितलं. "आबा, कडक, कोरडं खावानं नही." आणि मग, कुणी न सांगता, पुढे जोडलं, "रोट दूधमा कालवा, पार मऊ करा आनि थोडा थोडा खा."

आमच्या सासरी तसेच खातात. दुधात कुस्करून, चमच्यानं. म्हाताऱ्यांना तर तसेच देतात. सत्तर वर्षांच्या माणसाला त्याच्या नावाचा रोट खाऊ नका असं सांगायला माझी जीभ रेटली नाही.

"एवढं लांबलचक काय सांगितलंत?" सरांनी विचारलं.

"तेच, सर. जरा समजावून."

कानबाई गेली त्या सोमवारी दुपारी दवाखान्यासमोर जीप थांबली. आबांच्या हातात स्टीलचा पेला होता आणि ते दर मिनिटाला त्यात थुंकत होते. घास आत अडकला की स्वतःची थुंकीही गिळता येत नाही. डोळ्यांत पाणी, मानेच्या शिरा ताठ. संजय घाबराघुबरा. जिजीच्या काखेत एक पितळी डबा.

"रोट अडकी गया," जिजी म्हणाली. "दोन घास उतरनात, तिसरा आठे बठी गया."

"दूधमा कालवा नही का?" मी हळूच विचारलं.

जिजीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देव बाटवला. "कानबाईना रोट आमनाकडे कालवतस नही. मोडीसन खातस. गंगाफळनी भाजी संगे." गंगाफळ म्हणजे लाल भोपळा.

म्हणजे आबांनी माझ्या सल्ल्यातलं 'खा' तेवढं ऐकलं होतं. बाकीचं माझ्या घरचं म्हणून सोडून दिलं होतं. आणि त्यांचं बरोबरच होतं. ते त्यांच्या घरचं नव्हतंच. मी विचारलं नव्हतं.

सरांनी दुर्बीण आत घातली. आवळलेल्या जागेच्या बरोबर वर घट्ट गोळा बसलेला. सर म्हणाले, तुकडे करून बाहेर काढू. मी ते आबांना सांगितलं. नळी बाहेर होती तेवढ्या वेळात आबांनी दोन्ही हात हलवले. नाही. पेल्यात थुंकले आणि घोगऱ्या आवाजात कसंबसं म्हणाले, "भाईर नही. खाले ढकला."

दाराशी उभी असलेली जिजीही तेच म्हणाली. "देवीना रोट शे. तोंडमा गया तो भाईर काढानी रीत नही."

"काय म्हणतायत?" सरांनी विचारलं.

"खाली ढकला म्हणतायत, सर."

"ढकला?" सरांचा आवाज चढला. "खाली नळी आवळलेली आहे. ढकलताना फाटली तर अन्न छातीत सांडेल. मग इथून सुरतेला न्यायचं, आणि तिथं पोचेपर्यंत काय होईल ते मी सांगू शकत नाही. त्यांना म्हणावं, वेडेपणा करू नका."

हे मी संजयला सांगितलं. तो रडकुंडीला आला आणि बापाच्या पाया पडू लागला. आबा ढिम्म. थुंकत होते आणि मान हलवत होते. त्यांचा श्वास लागायला लागला होता. थुंकी श्वासनळीत गेली तर वेगळंच संकट. वेळ नव्हता.

ज्या बाईनं एकदा न विचारता देवीच्या वतीनं परवानगी दिली होती, तिनं दुसऱ्यांदा तेच केलं. मी आबांच्या कानाशी वाकले.

"आबा, रोट दातखाले गया, घशाना खाले उतरना. तो तुम्हीन खादा. कानबाईनं काम झायं. पुढे तो कोठे अडकना, त्यानी चौकशी कानबाई नही करस. ते काम आमनं शे."

"तू कोन सांगनारी?" जिजी मागून कडाडली. "तुन्हा घरनी कानबाई येगळी!"

ते खरं होतं, आणि ते मला अर्ध्या तासापूर्वीच कळलेलं होतं. पण आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून कुशीवर वळले. मी दातांमध्ये कडं बसवलं. पाऊण तास आम्ही त्या नळीतून रोटाचे तुकडे काढत होतो. सर जाळीत पकडून ओढत होते, मी लाळ खेचत होते आणि 'झायं, झायं' म्हणत होते. त्या दिवशी ते मी माझ्यासाठीच म्हणत होते.

शेवटचा तुकडा निघाला. आबांनी पाण्याचा घोट घेतला आणि तो उतरला. जिजीनं पदर डोळ्यांना लावला. सरांचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्यांना राग आला, डॉक्टर लोकांना येतो तसा, सगळं नीट पार पडल्यावर.

"मऊ खायला सांगितलं होतं ना? हे खायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

हे वाक्य भाषांतर न करता सगळ्यांना समजलं. मी ट्रे पुसत होते. तो आधीच पुसलेला होता. तोंड उघडायला हवं होतं, नाही उघडलं. इतक्या वर्षांची नोकरी, सरांचा विश्वास, दवाखान्यातला मान, असं काय काय डोक्यात येऊन गेलं. आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. छताकडे बघत म्हणाले,

"कोनी नही, साहेब. मन्ही जीभनी ऐकं नही."

सर, तुम्ही हा दिवाळी अंक चाळता हे मला ठाऊक आहे. त्यांच्या जिभेचा काही दोष नव्हता. जीभ माझी होती. तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही, आता पेन्शन चालू आहे म्हणून सांगते आहे.

जाताना जिजीनं तो पितळी डबा माझ्यापुढे धरला. काढलेले तुकडे तिला परत हवे होते. टाकायचे नाहीत, ती नदीत सोडणार होती. नियमाप्रमाणे पेशंटच्या अंगातून निघालेलं सगळं दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जायला हवं. मी नियम मोडला आणि डबा भरून दिला. त्या दिवशीच्या माझ्या एकूण कामगिरीत हाच गुन्हा सगळ्यात स्वच्छ होता.

पुढं वर्षभर आबा येत राहिले. दर काही आठवड्यांनी सर ती आवळलेली जागा थोडी थोडी रुंद करत. गोळी चालू होती, खाटेखाली विटा होत्या, सूज उतरली. आबांच्या अंगावर मांस चढलं. भाकरी चावून चावून जाऊ लागली. प्रत्येक वेळी मला वाटे, आबांशी त्या दिवसाबद्दल बोलावं. प्रत्येक वेळी मी त्यांना कापसाचं विचारायची.

पुढच्या श्रावणाआधी सरांनी संजयला समोर बसवलं. "या वर्षी रोट पूर्ण बंद. एक घाससुद्धा नाही. पुन्हा तो प्रसंग नको." आणि माझ्याकडे वळून, "सिस्टर, नीट सांगा."

मी नीट सांगितलं. त्यात एक अक्षर घातलं नाही, एक काढलं नाही. रोट बंद, येक घास बी नही. भाषांतर कसं असावं याचा तो नमुना होता. संजयनं मान डोलवली. या वेळी ती समजून डोलवलेली होती.

कानबाईच्या आदल्या शुक्रवारी आबा एकटेच बसनं आले. तपासायची तारीख नव्हती. सर सुरतेला गेलेले. आबा माझ्या टेबलासमोर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सिस्टर, मी जिवत शे ना?"

मी हसले. "तुमनी तब्येत मन्हापेक्षा बरी शे, आबा."

"मंग मन्ही मूठ कशी नही धरी?"

त्या दिवशी सकाळी घरात गहू मोजले होते. संजयनं मोजले. त्याची सव्वा मूठ, भावाची, पुतण्यांची, नातवाची. आबांची वगळली. आबा ओट्यावर बसून बघत होते. मूठ वगळतात ती घरातला माणूस गेला की. बापाची वगळली तेव्हा आबांनीच वगळली होती. संजयनं कारण सांगितलं की डॉक्टरांनी रोट बंद केलाय, आणि न खाल्लेला रोट घरात राहिला तर दोष लागतो.

"पोऱ्यानं काय चुकनं नही," आबा म्हणाले. "तुम्हीन सांगं, तसं त्यानी करं." बोलता बोलता ते रडायला लागले. मागच्या वर्षी घशात रोट अडकला होता तेव्हाही मी या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं.

मला फार वाईट वाटलं. पहिल्यांदा मी पदरचं घालून सांगितलं तेव्हा हा माणूस मरता मरता वाचला. दुसऱ्यांदा जसंच्या तसं सांगितलं, तर घरच्यांनी त्याला जिवंतपणी मेलेल्यांत काढला. माझी सत्तावीस वर्षं एका बाजूला आणि ही दोन भाषांतरं एका बाजूला.

मी संजयला फोन लावला. तो म्हणाला, "सिस्टर, तुम्हीच सांगितलं होतं ना? मग मूठ धरून करू काय? एकाचा रोट दुसऱ्या गड्यानं खाल्लेला चालत नाही आमच्यात." त्याचंही खोटं नव्हतं. मी म्हटलं, जिजीला द्या. जरा वेळ गेला, कुणीतरी खोलीचं दार लावल्याचा आवाज आला, आणि जिजी मला लेक म्हणत दबक्या आवाजात बोलू लागली.

"आंडेर, मी धरी लिधी त्यासनी मूठ. संज्या उठना, मंग. कोनले माहीत नही."

"पन जिजी, तो रोट खाई कोन?"

"मी खासू. मन्ही येगळी मूठ कधी व्हती? इतला वरीस मी त्यासना मुठमाईनच खात उनी ना?" मग थांबून म्हणाली, "पन त्यासले सांगू नको. सांगं तर खावाले बसतीन, आनि तुले मंग जाळी टाकनी पडी."

आमच्याकडे बायकांची मूठ मोजत नाहीत. बायकांनी नवऱ्याच्या वाटचं खायचं. माझ्याही घरी तसंच. इतकी वर्षं मी त्याचा विचारसुद्धा केला नव्हता.

फोन ठेवला. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हने ती?"

डॉक्टर आणि पेशंटच्या मध्ये बसून मी आयुष्यभर निरोप पोचवले. आता नवरा-बायकोच्या मध्ये बसले होते आणि निरोप गिळून टाकायचा हुकूम होता. या माणसाचा मला भरवसा नव्हता. मूठ धरली आहे म्हटलं तर रविवारी हा रोट मागेल, आणि सोमवारी पेला घेऊन येईल. पण तो समोर बसला होता, टोपी हातात धरून, आणि विचारत होता की आपण आहोत की नाही.

"धरी शे, आबा," मी म्हटलं. "जिजीनी धरी. तुमनी मूठ."

आबा खुर्चीत पुढे सरकले. मग विचारलं, "सवा?"

"सवा."

त्यांनी उपरण्यानं नाक पुसलं, टोपी डोक्यावर घातली, नीट दाबून बसवली.

"पन आबा, खावाना नही हां. येक घास बी नही."

"खावाले कोन बसेल शे?" ते जवळजवळ ओरडलेच. "मी खावाले मांगं का? मोजी ना? झायं मंग."

मी खुर्चीतच बसून राहिले. मागच्या श्रावणात हा माणूस जिवावर उदार होऊन जो घास गिळत होता, त्यातला खाण्याचा भाग केवढा आणि मोजला जाण्याचा केवढा, हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. सरांनी आम्ल कमी केलं, नळी रुंद केली, मी फवारे मारले, आणि विचारायचं तेवढं राहून गेलं.

आबा दारापर्यंत गेले आणि वळले.

"खाई कोन, ते नही सांगं तू."

मी फोनकडे पाहिलं. त्यांनी मान डोलवली.

"समजनं. तिले फोन लाव परत. म्हन, चुल्हा जोडे उभी ऱ्हायीसन, लपीसन खाऊ नको. बठ्ठासना देखता, पंगतमा, मन्हा पाटवर बठीसन खाय."

मी पुन्हा फोन लावला आणि निरोप सांगितला. त्यात एक शब्द घातला नाही, एक गाळला नाही.